पुरावा क्रमांक तीन आणि संस्कृतीची झोप

वाशीम,
मंगळवार, दि. २१ जानेवारी २०२५, दुपारी सव्वादोन

प्रिय मित्र गोविंदसिंग यास जगदेवचा नमस्कार.

चौदा महिने पत्र नाही, फोन नाही, आणि मागच्या पोळ्याच्या आधी रिसोडच्या बाजारात तू समोरून आलास तेव्हा मी (खोटं कशाला लिहू) शेजारच्या दुकानात शिरून गरज नसलेली सुतळी विकत घेतली, या सगळ्याबद्दल आधी माफी मागतो. तुझी तब्येत कशी आहे? शुगर आटोक्यात आहे का? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? वर्कशॉप जोरात चालू असणार, कारण गव्हाला पाणी सुरू झालं की मोटरी जळतात आणि मोटरी जळल्या की आपला सगळा तालुका तुझ्या दारात येऊन उभा राहतो. माझी तब्येत ठीक आहे. हे वाक्य सवयीने लिहिलं, मग खोडावंसं वाटलं, मग राहू दिलं. ठीक म्हणजे सहा दिवसांत अंघोळ दोनदा झाली आहे आणि स्टुलावर बसून बसून डाव्या पायाला मुंग्या येतात, एवढंच.

फोन न करता पत्र का लिहितो आहे ते तुला माहीत आहे. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. माझ्या डायरीत ३ डिसेंबर २०२३ या तारखेला त्याबद्दल 'अन्याय' एवढा एकच शब्द लिहिलेला आहे. आज सकाळी त्या शब्दापुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. (पेनाने काढण्याइतकी खात्री अजून झालेली नाही, पत्र संपेपर्यंत होईल असं वाटतं.)

आपलं भांडण तू विसरला नसशील, तरी क्रमाने लिहितो, कारण क्रमाशिवाय मला लिहिता येत नाही, हे तू कॉलेजात माझ्या वह्या उतरवून घेताना पाहिलेलं आहेस. त्या नोव्हेंबरात माझी पाच एचपीची मोटर जळाली. तू तांब्याची नवी तार गुंडाळून ती भरून दिलीस. मी ती मळ्यात नेऊन विहिरीवर बसवली आणि त्याच दिवसापासून ती घरघरू लागली. साधी घरघर नाही. जमिनीखाली कोणी जड जातं ओढतंय अशी, आणि मधूनच खड्‌ करून एक उसळी. मी तुला ऑडिओ पाठवले आणि त्यांना नावं दिली: पुरावा क्रमांक एक, दोन, तीन, चार. तिसरा बावीस मिनिटांचा होता. चौथ्यानंतर तू मला बंद केलंस. त्याच महिन्यात शुभांगीला मुलगी झाली आणि मी तुला पेढे पाठवले नाहीत. ती मुलगी म्हणजे संस्कृती, आता चौदा महिन्यांची. जावई नागपूरला नोकरीत, शुभांगीचं वाशीमला बी.एड. चालू, म्हणून मायलेकी जन्मापासून आमच्याकडे मळ्यातच आहेत. हे पत्र त्या पोरीच्या झोपेबद्दल आहे. तुझ्याबद्दलही आहे, पण ते नंतर.

गेल्या बुधवारी तिला ताप भरला, गुरुवारी धाप लागली, बरगड्यांखाली खळगे पडायला लागले, आणि आम्ही तिला वाशीमला लहान मुलांच्या दवाखान्यात आणून भरती केलं. निमोनिया निघाला. नाकाला ऑक्सिजनची नळी, उजव्या हाताला सलाईनची सुई, सुई हलू नये म्हणून हाताखाली पुठ्ठा, पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारा लाल दिव्याचा चिमटा. एवढ्याशा जिवाला एवढं सामान लावलेलं पाहिलं आणि मी डायरी काढली. माझा दुसरा काहीच उपयोग नव्हता. गुरुवार ते शनिवार मी तिची प्रत्येक झोप लिहून ठेवली आहे. सगळ्यात लांब झोप सत्तावीस मिनिटांची.

तू म्हणशील, आजारी पोर, झोपेल कशी. मीही तेच समजत होतो. पण गोविंदा, मी तीन दिवस टाचण केलं तेव्हा लक्षात आलं की आजारापेक्षा दवाखानाच तिला झोपू देत नव्हता, आणि यात दोष कोणाचाच नव्हता. सहा खाटांचा वॉर्ड, डोक्यावर ट्यूबलाईट. वाफेचं मशीन लावलं की त्याचा भुर्र आवाज आणि तोंडावर मास्क. दर थोड्या वेळाने थर्मामीटर. एक पोर रडायचं थांबलं की दुसरं तिथूनच पुढे सुरू करायचं. शिवाय भेटायला येणारी माणसं. आपली माणसं आजारी लेकराला बघायला येतात म्हणजे लेकरू आपल्याला बघेपर्यंत उठत नाहीत. झोपलेलं असलं तर बिस्किटाचा पुडा त्याच्या कानाशी वाजवतात, आणि ते दचकून रडलं की हळहळतात, बापा, लय किरकिर करून राह्यली हो पोट्टी. (यात मी स्वतःही धरला आहे. शुक्रवारी, ती झोपली आहे की नुसती डोळे मिटून आहे याची नोंद अचूक व्हावी म्हणून मी तिला हलकेच हाक मारली. झोपली होती. वेळ नऊ मिनिटे.)

रविवारी सकाळी मला अंगठ्याचा शोध लागला. संस्कृती उजवा अंगठा चोखत झोपते, आणि तोच हात पुठ्ठ्याला बांधलेला. तिने डावा अंगठा चोखायला शिकावं, असं मला वाटलं. बी.ए.ला मानसशास्त्र होतं आपल्याला. अनुकरण नावाचा धडा होता. तेव्हा मी तिच्यासमोर बसून स्वतःचा डावा अंगठा तोंडात घातला आणि डोळे मिटून समाधानाने चोखू लागलो. ती रडायची थांबली आणि टक लावून बघू लागली, म्हणून मी जरा अधिक समाधान दाखवलं. डोळे उघडले तेव्हा खाटेच्या पायाशी डॉक्टर उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फाइलकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि पेशंटची आई कुठे आहे असं विचारलं.

त्यानंतर ते जे बोलले त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. औषधं लागू पडत असावीत असं वाटतं, म्हणाले, पण खात्री देता येत नाही, कारण रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजून काही कळत नाही. आत्ता मिनिटाला अठ्ठावन्न भरतात. त्यातले आजाराचे किती आणि रडण्याचे किती? शिवाय न झोपलेलं मूल दूध घेत नाही, दमतं, आणि दमलेलं मूल आणखी धापतं. ती आज दीड-दोन तास सलग शांत झोपली, झोपेत श्वास चाळीसच्या खाली आले आणि नळी काढून पायाच्या अंगठ्यावरचा ऑक्सिजनचा आकडा टिकला, तर तिला इथेच ठेवू. नाहीतर संध्याकाळी अकोल्याला मोठ्या दवाखान्यात हलवू. तिथे कदाचित मशीनवर ठेवावं लागेल. शुभांगीने पोरीचं पांघरूण सारखं केलं. चार दिवसांत तिची स्वतःची झोप किती, याची नोंद माझ्या डायरीत नव्हती. हे मला त्या क्षणी दिसलं आणि मी डायरी मिटून पिशवीत ठेवली. (दहा मिनिटांनी परत काढली.)

आता सगळा दवाखाना एका पोरीला झोपवायच्या मागे लागला. माझी आई, कस्तुराबाई, सकाळच्या एसटीने आली होती. तिने पदरातून मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या काढून संस्कृतीवरून ओवाळल्या. पण दृष्ट काढली की ती जाळावी लागते, आणि ऑक्सिजनच्या खोलीत काडी ओढायची नसते. आई मूठ आवळून उभी राहिली, कारण काढलेली दृष्ट खाली ठेवता येत नाही आणि खिशात घालता येत नाही. शेवटी तिने ती कोपऱ्यातल्या लाल डब्यात टाकली. तो डबा वापरलेल्या नळ्यांचा. योगिनी सिस्टर म्हणाल्या, आजी, त्यातलं सगळं गाडी घेऊन जाते आणि भट्टीत जाळते. आईचं पूर्ण समाधान झालं. घरी चुलीत टाकलेली तर अर्धी कच्चीच राहते, म्हणाली.

या योगिनी सिस्टरबद्दल मला तुला नीट सांगितलं पाहिजे. वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल. मी आयुष्यात बरेच हुशार हात पाहिले आहेत, तांब्याची तार गुंडाळताना तुझेही, पण असे नाहीत. तिने अर्ध्या तासात त्या वॉर्डातली दुपार बदलून टाकली. वाफ बाराच्या आत उरकली. दोनचं औषध सुईला न हलवता सलाईनच्या नळीतून जाईल असं ठेवलं. आमच्या बाजूची ट्यूब बंद केली, खिडकीला चादर लावली, दाराशी खुर्ची टाकून भेटायला येणाऱ्यांना जिन्यावरच थांबवायला सांगितलं. मग माझ्यापुढे येऊन म्हणाली, काका, दोन तास मी कोणाला येऊ देत नाही, तापसुद्धा बघत नाही, लांबून आकडे वाचते. पण झोपवायचं काम तुमचं. माझ्याकडे झोपेचं औषध नाही, आणि असलं तरी धाप असलेल्या लेकराला ते देत नसतात.

आम्ही थोपटलं. आईने ओवी म्हटली. शुभांगीने मांडीवर घेतलं, खांद्यावर घेतलं, परत मांडीवर घेतलं. एक वाजला. पोरगी रडून रडून घोगरी झाली आणि अंगठ्याचा आकडा खाली सरकू लागला.

शेजारच्या खाटेवर शिरपूरचे पंजाबराव होते, नातू हरीओमला हगवण लागली म्हणून आलेले. साठीचा माणूस. ते म्हणाले, "पावनं, घरी कायच्यावर झोपते थे?"

मी म्हणालो, झोळीत. जुन्या लुगड्याची झोळी आहे.

"झोळी तं आमच्याबी घरी हाय. आनखी काय रायते? काही वाजते का? बैल, चक्की, टीव्ही?"

मी आठवू लागलो. शुभांगी पोरीवरून नजर न काढता म्हणाली, "बाबा, मोटर. लाईन आली, मोटर लागली, की पाच मिनिटात झोपते. लाईन गेली का उठते. पंधरा दिवसांपासून मोटरचा तो आवाज बंद झाला, तवापासून दुपारी नीट झोपूनच नाही राह्यली ते."

गोविंदा, चौदा महिन्यांच्या डायऱ्या माझ्याकडे आहेत. त्यांत पाऊस आहे, मेथीच्या जुड्या आहेत, संस्कृतीचे दात तारखेसह आहेत. लाईन कधी आली कधी गेली हे रोजचं आहे. ती कधी झोपली कधी उठली हेही आहे. दोन्ही ओळी एकाच पानावर एकाखाली एक लिहिलेल्या आहेत, आणि मला त्या कधी एकत्र वाचता आल्या नाहीत. शेवटच्या पंधरा दिवसांत तर 'सं. दुपारी झोपेना, कारण अज्ञात, बहुधा दाढ' असं नऊ वेळा लिहिलेलं आहे. माझ्या मुलीने एक अक्षर न लिहिता सगळं पाठ करून ठेवलं होतं. (मोटरचा आवाज पंधरा दिवसांपूर्वी का बंद झाला हे मी मुद्दाम इथे लिहीत नाही. आत्ता लिहिलं तर तू पत्र पुढे वाचणार नाहीस.)

लगेच बायकोला, रत्नमालाला, फोन लावला. ती मळ्यात मेथी काढत होती. मी म्हणालो, मोटर लाव आणि फोन तिच्यापाशी धर. तिने एकही प्रश्न न विचारता मोटर लावली, पण गप्प राहणं तिच्या स्वभावात नाही. फोनमधून मोटरची नवीन, गुळगुळीत गूं ऐकू आली आणि त्यावरून तिचं, "येऊन राह्यला का आवाज? हॅलो? आता लोक दवाखान्यात बसून मोटरी ऐकून राह्यले. इकडं माही मेथी सुकून राह्यली." वॉर्डातल्या बायका हसल्या. संस्कृती क्षणभर थांबली, खाटेखाली पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि हे ते नाही अशा खात्रीने आधीपेक्षा मोठ्याने रडू लागली. ती काय शोधत होती ते मला कळलं, आणि ते कुठे आहे तेही कळलं. ते माझ्याच मोबाइलमध्ये होतं. पुरावा क्रमांक तीन.

मी तो लावावा की नाही याचा विचार केला, हे कबूल करतो. पोर धापते आहे आणि मी लाजतो आहे, असं साधारण अर्धं मिनिट गेलं. मग लावला, आवाज पूर्ण वाढवून उशीपाशी ठेवला. आधी ती घरघर आली. आणि मग सहा खाटांच्या वॉर्डभर माझा आवाज: "गोविंदसिंग! आज तारीख अठ्ठावीस नोव्हेंबर, वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं. ऐक. ऐकून राह्यला का? याले मोटर भरनं म्हनते का बे? मोटर मांगली होती म्या, तू मले चक्की देल्ली!"

संस्कृतीचं रडणं मधेच तुटलं. तिने मान वळवली. घरघर चालू होती, खड्‌ करून उसळी आली, आणि तिचा श्वास त्या उसळीवर एकदा अडखळून खाली उतरला, जसा कोणी ओझं उतरवून ठेवतं तसा. पापण्या आल्या, गेल्या, आल्या. "एक वाजून बारा मिनिटं," मी मोबाइलमधून म्हणालो, "अजून तसाच आवाज येऊन राह्यला, नोंद कर!" डाव्या हाताची मूठ उघडली. पुठ्ठ्यावरच्या हाताची बोटंसुद्धा सुटी झाली. एक वाजून वीस मिनिटांनी (खरी वेळ, दवाखान्याच्या घड्याळातली) ती झोपली.

मग आणखी एक गोष्ट झाली. त्या वॉर्डात सगळीच शेतकऱ्यांची लेकरं, म्हणजे बापही शेतकरी. चार दिवसांचे जागे बाप भिंतीला टेकून पेंगत होते. मोटरचा आवाज कानी पडताच दोघं ताडकन उठले आणि चपला शोधू लागले. पंजाबराव तर दारापर्यंत पोचले. पाणी दुसऱ्या वाफ्यात फोडायचं राह्यलं, म्हणाले. सिस्टरने त्यांना खांद्याला धरून परत आणून बसवलं. जागे झाल्यावर त्यांनी थोडा वेळ माझं बोलणं ऐकलं आणि हळूच विचारलं, "हा गोविंदसिंग म्हंजे रिसोडवाला काय?"

मी मान हलवली.

"माह्या दोन्ही मोटरी थोच भरते. देवमानूस हाय. तुमी लयच बोलले त्याले."

बावीस मिनिटांनी पुरावा संपला की मी पुन्हा पहिल्यापासून लावत होतो. असा तो सहा वेळा वाजला. म्हणजे तुझ्या नावाने सहा वेळा बोंब, चक्कीचा उल्लेख अठरा वेळा, आणि प्रत्येक वेळी, एकोणिसाव्या मिनिटाला, मी जे म्हणालो आहे ते मी इथे लिहिणार नाही. सिस्टरने दर फेरीला तिथे खोकून मला साथ दिली. पण त्या सव्वादोन तासांत मी जे पाहिलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी चौदा महिने या पोरीचं झोपणं आणि उठणं लिहिलं, तिची झोप कधी पाहिलीच नव्हती. झोप म्हणजे काही होत नाही असं मी समजत होतो. तिच्या अंगात काम चाललं होतं. बरगड्यांखालचे खळगे आधी खोल होते, मग उथळ झाले, मग शोधावे लागू लागले. नाकपुड्या फुलायच्या थांबल्या. ओठांचा रंग परत आला. कुठल्या मिनिटाला ते मला सांगता येणार नाही, आणि ही माझ्या डायरीतली पहिली वेळ नसलेली नोंद आहे. एवढ्या मोठ्या दवाखान्याने, एवढ्या नळ्यांनी, आम्ही पाच-सहा मोठ्या माणसांनी मिळून जे होत नव्हतं, ते ती डोळे मिटून एकटी करत होती. आम्हाला फक्त बाजूला उभं राहायचं होतं.

श्वास मी मोजले. पहिल्यांदा चव्वेचाळीस, मग एकोणचाळीस, मग एकतीस. एकतीस आल्यावर मला शंका आली की मी तिच्याऐवजी माझेच श्वास मोजतो आहे की काय, म्हणून श्वास रोखून पुन्हा मोजले, तर मलाच चक्कर आली. शेवटी सिस्टर आली. तिने हात लावला नाही, वाकली नाही, फक्त पोरीच्या पोटावरच्या पांघरुणाची घडी बघत पूर्ण एक मिनिट उभी राहिली. अडतीस, ती म्हणाली. मग नाकाची नळी अशी काढली की मी समोर असून मला ती निघताना दिसली नाही. आकडा ब्याण्णवला आला, तिथे थांबला, आणि हळूहळू पंच्याण्णववर जाऊन बसला.

साडेतीनला डॉक्टर आले. त्यांनी स्वतः एक मिनिट मोजलं. छत्तीस. अकोला रद्द, म्हणाले, इतक्या हळू आवाजात की मला ते त्यांच्या ओठांवरून कळलं. मग त्यांना उशीपाशी मी ऐकू आलो. हे काय लावलंय, त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाली, सर, आजोबांची तक्रार आहे. कोणाबद्दल? मोटरवाल्याबद्दल. डॉक्टरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, उठेपर्यंत बंद करू नका.

(ते जाताना मी त्यांना दारात गाठून विचारलं, की गेले पंधरा दिवस दुपारी झोप झाली नाही म्हणून तिला निमोनिया झाला का. नाही, म्हणाले, तसा संबंध नाही, हे जंतूंचं काम आहे. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा विचारणार होतो, पण त्यांनी माझ्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं.)

आता प्रामाणिकपणे लिहायचं तर, तिला कशाने झोप लागली हे मला अजून माहीत नाही. मोटरने? की अंधाराने, शांततेने, सिस्टरने औषधांच्या वेळा हलवल्या त्याने? की ती दमलीच इतकी होती की तेव्हा काहीही लावलं असतं तरी झोपली असती? की आईने दृष्ट भट्टीत पाठवली त्याने? (आईचं मत ठाम आहे.) काल दुपारी मी एक प्रयोग केला. पुरावा लावला, आणि मी बोलतो त्या-त्या ठिकाणी स्पीकरवर बोट दाबून धरलं, म्हणजे शिव्या गाळून नुसती मोटर ऐकू येईल. तिने डोळे उघडले. बोट काढलं, तुला दिलेल्या चार शिव्या तिला ऐकू आल्या, डोळे मिटले. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच. तिसऱ्यांदा शुभांगीने माझा हात धरून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "बाबा, पुरे आता." हे लिहितो आहे तेव्हाही तो चालूच आहे. एका कानाने मी तुला शिव्या देताना मला ऐकतो आहे आणि हाताने तुला पत्र लिहितो आहे. हाताचं खरं मान.

परवा सुट्टी मिळेल असं म्हणतात. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. हे पत्र पंजाबराव स्वतः वर्कशॉपवर आणून देतील. हरीओमला आज संध्याकाळी घरी सोडताहेत आणि त्यांना उद्या रिसोडला काम आहे.

तुझा,
जगदेव

ता.क. मोटरचा आवाज का बंद झाला ते आता लिहितो. पाच जानेवारीला मोटरघरातला उंदराच्या उकिराची माती काढताना मी खाली वाकलो, तर मोटरच्या चार बोल्टांपैकी एकावर नटच नव्हता. तो माझ्या पान्ह्यांच्या डब्यात निघाला, कागदात गुंडाळलेला. कागदावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'मोटरचा चौथा नट. नंतर बसवणे. १७/११/२३.' मी तो बसवला, घट्ट केला, आणि चौदा महिन्यांची घरघर एका मिनिटात संपली. तुझ्या भरण्यात काही खोट नव्हती. हे तुला सोळा दिवसांपूर्वी कळवायला हवं होतं. रोज डायरीत 'गोविंदला लिहिणे' असं लिहीत होतो. 'अन्याय'पुढचं प्रश्नचिन्ह आता पेनाने गिरवलं आहे, आणि तो कोणी कोणावर केला तेही लिहिलं आहे.

ता.क. दुसरा. तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी सांगतो. हरीओमसुद्धा रविवारी त्या आवाजावर झोपला, म्हणून पंजाबरावांनी पुरावा क्रमांक तीन मागून घेतला. त्यांच्याकडून तो त्यांच्या सुनेकडे आणि तिच्याकडून तिच्या माहेरी गेला. वॉर्डातल्या आणखी दोघींनीही घेतला आहे. त्यात तुझं नाव, गाव आणि वर्कशॉपचा पत्ता आहे. मी सगळ्यांना सांगतो आहे की यातला मजकूर खोटा आहे, फक्त आवाज खरा आहे. त्या म्हणतात, हाव, पन लेकरू झोपते नं.

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठी लिहिलं. परवा आम्ही घरी जाऊ आणि घरची मोटर आता गप्प आहे. रविवारी सवड काढून मळ्यात ये. चौथा नट किती सैल केला म्हणजे मोटर घरघरेल पण बिघडणार नाही, हे तुझ्याशिवाय या जिल्ह्यात कोणाला कळणार नाही. मी नवीन ऑडिओ करीन आणि जुना सगळीकडून काढून टाकायला लावीन. अडचण एकच आहे. पोरीला मोटरबरोबर शिव्याही लागतात, आणि चूक माझी आहे हे कळल्यापासून तुला मनापासून शिवी देणं मला जमत नाही. काल संडासाच्या बाजूला जाऊन करून पाहिलं, आवाजच फुटला नाही. म्हणून या वेळी बोलायचं तू. चौदा महिन्यांचं जे काही साचलं असेल ते सगळं बोल, तारीख-वेळ सांगून बोल, बावीस मिनिटांच्या खाली थांबू नकोस. मी मोबाइल धरून समोर उभा राहीन. पेढे आणतो.

आता पावणेचार झाले. पोरगी झोपली आहे, श्वास चौतीस. शुभांगी शेजारी बसून आहे, एक हात तिच्या डोक्याखाली, डोळे उघडे. सहा दिवस झाले.

उद्याचं काम: दुपारी दोन ते चार संस्कृतीपाशी मी बसणे, शुभांगीला झोपू देणे.